कुळागरवाल्यांच्या चर्चामंचावर ‘नवे प्रतिसाद’ बसवताना: कामाच्या नोंदी

गोव्यात फोंडा तालुक्यात सावई-वेरे, केरी, प्रियोळ या बाजूच्या कुळागरवाल्यांचा, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागा असलेल्या बागायतदारांचा, एक लहान चर्चामंच मी संकेतस्थळावर सांभाळतो. सुपारी, नारळ, मिरी, जायफळ, केळी, पाण्याच्या पाळ्या, पाडेली (झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारे) मिळत नाहीत ही कायमची अडचण, असे तिथले विषय. सभासद तीनशेच्या आसपास, निम्मे पन्नाशीच्या पुढचे. मंच पीएचपीत लिहिलेला आहे, माहिती एसक्यूलाइट या लहान डेटाबेसमध्ये राहते, सर्व्हर भाड्याचा. सभासदांची मागणी बरेच दिवस एकच होती: ज्या चर्चेवर माझं लक्ष आहे तिच्यात काय नवं आलं तेवढं आधी दाखव, बाकीचं मी सवडीनं बघेन. पावसाच्या आधी हे काम पुरं करायचं ठरवलं, कारण कोळेरोगाच्या, म्हणजे पावसात सुपारी कुजवणाऱ्या रोगाच्या, दिवसांत एखादा प्रतिसाद नजरेतून सुटला तर त्याची किंमत घडामागे मोजावी लागते.

असंच काम कुणी हाती घेणार असेल तर त्याला उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

६ एप्रिल २०२५

आधी जुनी व्यवस्था तपासली. मंच प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे एक छोटी नोंद, ठेवतो आणि तिच्यात ‘शेवटची भेट’ एवढी एकच वेळ असते. त्या वेळेनंतर हललेल्या धाग्यांपुढे (एक धागा म्हणजे एक चर्चा) ‘नवीन’ असा लाल शिक्का लागतो. यात खोट अशी की भेट एकच आणि धागे अनेक. माणूस सकाळी येतो, सात धाग्यांवर शिक्के दिसतात, दोन वाचून तो बागेत जातो. दुपारी परत येतो तेव्हा उरलेल्या पाचांवरचे शिक्केही गेलेले असतात. मंचाच्या हिशेबी तो सकाळी ‘येऊन गेला’, म्हणजे सगळं वाचून झालं.

शिवाय कुकी यंत्राची असते, माणसाची नव्हे. घरच्या संगणकावर वाचलेलं फोनवर पुन्हा नवं. एका घरात एकच फोन सासरे आणि सून दोघं वापरतात, तिथं तर कुणाचं कोणी वाचलं हेच कळत नाही. ही व्यवस्था दुरुस्त करण्याजोगी नाही, काढून टाकण्याजोगी आहे.

९ एप्रिल

नव्यानं लिहायच्या आधी इतरांनी काय केलं ते वाचण्यात तीन-चार संध्याकाळी घातल्या आणि त्या सार्थकी लागल्या.

सगळ्यात जुनी आणि मला सगळ्यात आवडलेली रीत यूजनेटची, म्हणजे वेबच्या आधीपासूनच्या चर्चागटांच्या जाळ्याची. १९८०च्या दशकात तिथले वाचक स्वतःच्या खात्यात ‘डॉट न्यूजआरसी’ नावाची साधी मजकुराची फाइल ठेवत. एका ओळीत गटाचं नाव, मग गट लावलेला असेल तर अपूर्णविराम (:), सोडला असेल तर उद्गारचिन्ह आणि पुढे वाचलेल्या लेखांचे क्रमांक: १ ते १२३४, मग १२४०, असे. मधला एखादा लेख राहिला तर तो राहिला म्हणूनच दिसे. वेळेचा संबंधच नाही, सगळा हिशेब क्रमांकांचा.

ड्रुपल या संकेतस्थळं बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासद, पान आणि शेवटचं कधी उघडलं ती वेळ असं एक टेबल असतं आणि ३० दिवसांपेक्षा जुनं ते सगळं वाचलेलं धरलं जातं. पीएचपीबीबी या मंच-सॉफ्टवेअरमध्ये दोन थर आहेत: एका टेबलात धाग्यागणिक खूण, दुसऱ्यात विभागागणिक. विभागातले सगळे धागे वाचून झाले की धाग्यांच्या खुणा पुसून विभागाची एकच खूण पुढे सरकवतात, त्यामुळे टेबल फुगत नाही. डिस्कोर्स हे दुसरं मंच-सॉफ्टवेअर प्रत्येक सभासदाचा त्या धाग्यातला शेवटचा वाचलेला प्रतिसाद क्रमांकानं ठेवतं आणि वाचक पडद्यावर कुठं किती थांबला हेही मोजतं.

ठरवलं: डिस्कोर्ससारखा क्रमांक आणि पीएचपीबीबीसारखी छाटणी. सुट्या क्रमांकांच्या यादीचा मोह झाला होता, पण फोनवर वाचणारा माणूस वरून खालीच जातो. पोथीत मोरपीस घालून ठेवावं तशी एक खूण पुरेशी आहे.

१४ एप्रिल

टेबल केलं. सभासद, धागा, कुठवर वाचलं तो क्रमांक, पाठपुरावा (त्या धाग्यावर लक्ष ठेवणं) आहे की नाही, एवढेच चार कॉलम. सभासद आणि धागा मिळून एकच ओळ, त्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी दोनदा येऊ न देणारी अट. कुणी धागा उघडला तरच ओळ तयार होते. तीनशे सभासद आणि दोन हजार धागे म्हणजे सहा लाख ओळी अशी भीती कागदावर वाटते, पण प्रत्येक जण प्रत्येक धागा उघडत नाही.

ओळ असेल तर बदल, नसेल तर घाल, हे एकाच आज्ञेत करता येतं. एसक्यूलाइटमध्ये ही सोय ३.२४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८पासून आहे. भाड्याच्या सर्व्हरवर त्याहून जुनी आवृत्ती निघाली. ती बदलून घेण्यासाठी वरचा दर्जा घ्यावा लागला आणि भाडं जवळपास दीडपट झालं. कामाला हात घालण्याआधी आवृत्ती बघून घ्या.

१९ एप्रिल

क्रमांक की वेळ, हा प्रश्न मिटला असं वाटलं होतं. तो आज मान्यतेच्या रांगेत पुन्हा उभा राहिला.

नव्या सभासदाचा पहिला प्रतिसाद मंचावर थेट येत नाही. आमच्यातला कुणीतरी तो बघून सोडतो. कुणी सकाळी ९ला लिहिलं, मी संध्याकाळी ६ला सोडलं, तर प्रतिसादावरची वेळ सकाळची राहते. दुपारी ज्यानं धागा वाचला त्याची खूण त्या वेळेच्या पुढे गेलेली असते. परिणाम असा की नवख्या माणसाचा प्रतिसाद जुन्या वाचकांना कधी नवा म्हणून दिसतच नाही. पहिल्यांदा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरं का मिळत नव्हती, त्याचं हे एक कारण.

क्रमांक वापरला म्हणून हे आपोआप सुटत नाही. क्रमांक लिहिताना दिला तर दुखणं तसंच राहतं. म्हणून आता क्रमांक सोडताना मिळतो, लिहिताना नाही. रांगेत असलेल्या प्रतिसादाचा क्रमांक रिकामा. दोघांनी एकाच क्षणी दोन प्रतिसाद सोडले तर एकच क्रमांक दोघांना जाऊ नये म्हणून धागा आणि क्रमांक या जोडीवरही युनिक इंडेक्स लावला आणि क्रमांक देणं व प्रतिसाद सोडणं डेटाबेसच्या एकाच व्यवहारात बांधलं, म्हणजे दोन्ही होतात किंवा एकही नाही.

वेळ नुसती दाखवण्यापुरती उरली. ती साठवताना जागतिक वेळेत आणि दाखवताना साडेपाच तास मिळवून. आधी अर्धी पानं एका वेळेत आणि अर्धी दुसऱ्या वेळेत होती, तेही या निमित्तानं सरळ झालं.

२६ एप्रिल

वाचलं म्हणजे काय? इथं सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

पहिली आवृत्ती: धागा उघडला की तो पुरा वाचला. मिरीच्या मर रोगावरच्या धाग्यात साठाच्या वर प्रतिसाद आहेत, एका पानावर वीस. पहिलं पान उघडणाऱ्याला उरलेले चाळीस वाचल्याचा शिक्का बसला. लगेच बदललं: जे पान उघडलं, त्याच्या शेवटच्या प्रतिसादापर्यंतच खूण.

तेही पुरेसं नाही. पान उघडलं, वरचे दोन प्रतिसाद वाचले, तेवढ्यात हाक आली आणि फोन खिशात गेला. मंच म्हणतो वीस वाचले. खूण चुकीची असण्याचे दोन प्रकार आहेत. वाचलेलं पुन्हा नवं म्हणून दिसलं तर माणूस वैतागतो, पण त्याचं नुकसान होत नाही. न वाचलेलं जुनं म्हणून लपलं तर त्याला पत्ताही लागत नाही. तेव्हा शंका असेल तिथं खूण मागे ठेवायची. पुढचं सगळं याच नियमानं केलं.

२ मे

पडद्यावर प्रतिसाद दिसला की नाही हे ब्राउझरच सांगतो, त्यासाठी इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर नावाची सोय आहे. अट घातली: प्रतिसादाचा अर्धा भाग पडद्यावर यावा आणि दीड सेकंद राहावा. संगणकावर सुरेख चाललं.

फोनवर काही धागे कितीही वाचले तरी नवेच राहू लागले. शोधता शोधता कळलं की अडतात ते नेहमी लांब प्रतिसाद. केरीचे एक जाणते काका दोन-दोन पानं लिहितात आणि फोनवर तो मजकूर पडद्याच्या पाच-सहा पट उंच होतो. एवढ्या उंच वस्तूचा अर्धा भाग एका वेळी पडद्यावर येणं शक्यच नाही, त्यामुळे अट कधी पुरीच होत नाही. मंचावरचं सगळ्यात मोलाचं लिखाण कधीच वाचलेलं ठरत नव्हतं आणि खूण तिथंच अडकत होती.

उपाय सोपा निघाला. प्रत्येक प्रतिसादाच्या तळाशी एक पिक्सेल उंचीची न दिसणारी पट्टी ठेवली आणि नजर तिच्यावर. पट्टी दिसली म्हणजे माणूस शेवटापर्यंत आला.

राहिला प्रश्न बोटाच्या एका झटक्यात तळ गाठणाऱ्यांचा. त्यांची खूण शेवटी जाते, मधलं न वाचता. यावर बराच विचार करून ठरवलं की तो त्यांचा निर्णय, तो मानायचा. मात्र प्रत्येक प्रतिसादाखाली ‘इथून पुढे न वाचलेलं ठेवा’ असं बटण दिलं. एवढ्या एका बटणानं निम्म्या तक्रारी येण्याआधीच संपल्या.

८ मे

खूण सर्व्हरपर्यंत पोचवणं. पान बंद होताना पाठवायचं असं आधी योजलं होतं, पण फोनवर पान ‘बंद’ होत नाही. माणूस दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि मागे राहिलेलं पान फोन मुकाट्यानं मारून टाकतो. बंद होण्याची सूचना कित्येकदा येतच नाही. त्याऐवजी पान नजरेआड गेल्याची सूचना भरवशाची आहे. ती आली की ‘सेंड बीकन’ या ब्राउझरच्या सोयीनं क्रमांक पाठवायचा.

कुळागरं दरीत, ओहोळाच्या कडेला. तिथं नेटवर्क येतं-जातं. म्हणून क्रमांक आधी फोनमध्येच साठवतो आणि पुढच्या वेळी पान उघडलं की पुन्हा पाठवतो.

मग उलटी गंमत सुरू झाली. घरच्या संगणकावर सकाळपासून उघडं राहिलेलं पान संध्याकाळी जागं होई आणि जुना क्रमांक पाठवी. दिवसभरात फोनवर पुढे गेलेली खूण त्यानं मागे ओढली जाई. आता सर्व्हर आलेला आणि असलेला यांतला मोठा क्रमांकच ठेवतो. त्यामुळे एकच निरोप दोनदा आला तरी बिघडत नाही. मागे न्यायची परवानगी फक्त त्या ‘न वाचलेलं ठेवा’ बटणाला.

ब्राउझरच्या मागे जायच्या बटणाचाही इथंच बंदोबस्त केला. धागा वाचून यादीवर परतलं की ब्राउझर यादीचं जुनं चित्र आठवणीतून काढून दाखवतो आणि आकडे तसेच दिसतात. पान असं आठवणीतून आलं आहे का ते तपासून आकडे तेवढे नव्यानं मागवले.

१३ मे

‘डेटाबेस लॉक्ड’. संध्याकाळी पंचवीसेक माणसं एकदम आली की मंच अडखळू लागला. पूर्वी लिहिणारे थोडे आणि वाचणारे फार अशी स्थिती होती, आता वाचणं हेसुद्धा लिहिणं झालं. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो.

दोन गोष्टी केल्या. लिहिताना वाचणाऱ्यांना अडवणार नाही अशी वॉल पद्धत चालू केली, थांबण्याची मुदत पाच सेकंद ठेवली. आणि प्रत्येक प्रतिसादागणिक निरोप पाठवण्याऐवजी दर दहा सेकंदांनी किंवा पान नजरेआड जाताना एकदाच, शेवटचा क्रमांक. लॉक थांबले.

यादी उघडताना प्रत्येक धाग्यासाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी (विचारणा) जात होती. चाळीस धाग्यांची यादी म्हणजे चाळीस क्वेऱ्या. त्या एकीत आणल्या. यादी सगळ्यांसाठी सारखीच, ती कॅशमधून, म्हणजे आधीच करून ठेवलेल्या प्रतीतून, येते. प्रत्येकाचे आकडे वेगळे, ते मागून येऊन चिकटतात.

१८ मे

स्वतःचाच प्रतिसाद स्वतःला नवा दिसतो, अशी तक्रार आली. सरळ उपाय म्हणजे प्रतिसाद टाकला की टाकणाऱ्याची खूण त्याच्यापुढे न्यायची. पण माणूस अर्धा तास लिहीत असतो आणि तेवढ्यात दोघांची उत्तरं येऊन पडलेली असतात. खूण पुढे गेली की ती दोन्ही लपतात, म्हणजे ज्यांच्याशी बोलायला तो बसला त्यांचंच ऐकायचं राहून जातं.

आता त्याची खूण आधीच्या प्रतिसादापर्यंत पोचलेली असेल तरच पुढे जाते. नसेल तर ‘तुम्ही लिहीत असताना २ प्रतिसाद आले’ अशी पट्टी दिसते आणि खूण जागेवर राहते. स्वतःचा प्रतिसाद मोजणीतून वगळला.

२८ मे

पाऊस या वर्षी केरळात २४ मेलाच पोचला, २००९नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. आमच्याकडेही मेच्या शेवटच्या आठवड्यातच तो धो धो लागला. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर करायची असते, दुसरी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी. या वेळी बहुतेकांची पहिलीच राहून गेली. पावसाच्या दोन सरींमधली उघडीप गाठून फवारायची धावपळ सुरू झाली आणि मंचावर एकदम गर्दी.

त्या गर्दीत एका सभासदानं मिश्रणाचं प्रमाण लिहिलं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १० लिटर पाणी. एक टक्क्याच्या मिश्रणाला पाणी १०० लिटर लागतं. लिहिणाऱ्यालाही ते पाठ आहे, घाईत एक शून्य राहिलं. पाव तासात त्यानं संपादन करून शून्य घातलंही. संध्याकाळी प्रियोळहून एका काकांचा फोन आला. “अरे बाबा, दहा लिटरांत किलोभर मोरचूद? पंप चोंदेल आणि घड जळतील. कोण लिहितो असलं?” त्यांनी पहिल्या पाव तासात वाचलेलं. त्यानंतर त्यांना धाग्यावर काहीच नवं दिसलं नाही, कारण संपादनानं क्रमांक बदलत नाही. काका चाळीस वर्षं फवारणी करत आलेले, त्यांना चटकन खटकलं. पहिल्यांदाच मिश्रण कालवणाऱ्या पोराला खटकलं असतंच असं नाही.

धाग्यात तातडीनं ठळक प्रतिसाद टाकला आणि ज्यांची खूण त्या प्रतिसादापर्यंत पोचली होती त्यांची नावं काढली. हे काढता आलं ते वाचनाच्या खुणा ठेवल्यामुळेच. सगळ्यांना फोन केले.

१ जून

दुरुस्ती हीसुद्धा घडामोड आहे. प्रतिसाद मोजून भागणार नाही, घडामोडी मोजायला हव्यात. मांडणी इथं मुळातून बदलली.

धाग्याचा क्रमांक आता प्रतिसादांचा नाही. धाग्यात जे जे घडतं त्याचा तो क्रमांक: नवा प्रतिसाद एक घडामोड, महत्त्वाची दुरुस्ती दुसरी. काकांची खूण १७वर असेल आणि १५व्या प्रतिसादात दुरुस्ती झाली, तर ती दुरुस्ती १८वी घडामोड म्हणून नोंदवली जाते. यादीत ‘१ दुरुस्ती’ दिसते, त्यावर बोट ठेवलं की थेट त्या जुन्या प्रतिसादापाशी पोचतो, तिथं आधीचा मजकूर खोडलेला आणि नवा त्याच्याशेजारी.

प्रत्येक संपादन घडामोड धरलं तर ऱ्हस्व-दीर्घ सुधारणाऱ्यांमुळे सगळे धागे कायम नवे राहतील. म्हणून निर्णय लिहिणाऱ्याकडे: ‘वाचलेल्यांना ही दुरुस्ती कळवा’ अशी चौकट. पण घाईत असलेला माणूस चौकटीकडे बघत नाही, म्हणून आणखी एक पहारा ठेवला. संपादनात कुठलाही आकडा बदलला, मग तो देवनागरीत असो की रोमनमध्ये, की चौकट आपोआप भरलेली येते आणि काढायची तर हातानं काढावी लागते. शेतीच्या चर्चेत आकडा बदलला म्हणजे प्रमाण, तारीख किंवा दर बदलला. या सगळ्या कामात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, आणि जी तयार मंच-सॉफ्टवेअर मी चाळली त्यांत तो या रूपात सापडला नाही.

जुने क्रमांक नव्या मांडणीत हलवण्यासाठी मंच एक रात्र बंद ठेवला.

६ जून

दिसायचं कसं. जुना शिक्का नुसता लाल होता. लाल-हिरवं ज्यांना वेगळं दिसत नाही त्यांना तो कळतच नसे, आणि उन्हात फोन धरला की कुणालाच कळत नसे. आता नव्या धाग्याचं शीर्षक ठळक, शेजारी आकडा आणि शब्द: ‘३ नवे प्रतिसाद’. रंग आहे, पण अर्थ त्याच्यावर टेकलेला नाही. लहान अक्षरात १ आणि ९ सारखे दिसत होते, म्हणून आकड्याचा आकार वाढवला.

धाग्यावर बोट ठेवलं की माणूस पहिल्या न वाचलेल्या घडामोडीवर उतरतो आणि तिच्यावर एक आडवी रेघ असते: ‘इथून नवं’. ही रेघ पान उघडं असेपर्यंत हलत नाही. सुरुवातीला ती खुणेबरोबर खाली सरकायची आणि वाचणारा बावरायचा.

मुखपृष्ठावर सगळ्यात वर ‘माझा पाठपुरावा’. त्यात फक्त लक्ष ठेवलेले धागे आणि त्यांतही नवं असलेलेच. काही नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

१५ जून

पाठपुरावा कोणाला कधी लागू करायचा? डिस्कोर्स चार मिनिटं वाचलेला धागा आपण होऊन मागावर घेतं. आमच्याकडे ते नको वाटलं. हळू वाचणारे पुष्कळ, त्यांच्या यादीत सगळंच जमा झालं असतं. आमचा नियम: प्रतिसाद लिहिला की पाठपुरावा आपोआप, नाहीतर घंटेवर बोट ठेवून, आणि कधीही काढता येईल असा.

कळवण्यासाठी ई-मेल. इथं पीएचपीबीबीची जुनी रीत जशीच्या तशी उचलली: एका धाग्यासाठी एक मेल गेला की माणूस तो धागा येऊन बघेपर्यंत दुसरा जात नाही. तापलेल्या चर्चेत हेच माणसाला वाचवतं. दुरुस्तीच्या घडामोडीला मात्र ही अट नाही, तिचा मेल जातोच.

एसएमएसची मागणी जोरात होती. भारतात असे संदेश पाठवायचे तर डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत संस्थेची आणि प्रत्येक मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते, शिवाय संदेशागणिक पैसे. आमच्यासारख्या नोंदणी नसलेल्या मंडळींना ते झेपणार नाही, सोडून दिलं. ब्राउझरच्या सूचना अँड्रॉइडवर सहज चालल्या. आयफोनवर त्या २०२३च्या १६.४ आवृत्तीपासून येतात, तेही मंच होम स्क्रीनवर ठेवला तरच. आयफोनवाल्यांना एकेकाला ते करून दाखवावं लागलं.

२९ जून

छाटणी. ३० दिवसांपलीकडचं सगळं वाचलेलं धरायचं, ही ड्रुपलची मर्यादा आधी तशीच घेतली होती. आमच्या लोकांचं वर्ष वेगळं असतं. मिरीवाला मिरी काढायच्या दिवसांत मंचावर येतो आणि मग बरेच महिने फिरकत नाही. परतल्यावर त्यानं विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं ‘जुनी’ होऊन गेलेली.

आता पाठपुरावा असलेल्या धाग्याला मुदत नाही, कितीही दिवसांनी आला तरी खूण जिथल्या तिथं. बाकीच्या धाग्यांना साठ दिवस. ‘सगळं वाचलं’ दाबलं तर सभासदाच्या नावापुढे एक सीमा नोंदली जाते आणि तिच्याआधीच्या, पाठपुरावा नसलेल्या ओळी पुसल्या जातात. पुसण्याचं काम रात्री अडीचला चालतं. त्या सुमारास फक्त बॅकअप असतो, आणि दोन्ही एकमेकांवर येऊ नयेत म्हणून त्यांत अर्ध्या तासाचं अंतर.

१२ जुलै

दुसऱ्या फवारणीचे दिवस, पुन्हा गर्दी. दोन प्रश्न पुढे आले.

शेवटच्या क्रमांकातून वाचलेला क्रमांक वजा करून ‘३ नवे’ दाखवत होतो. त्यांतला एक प्रतिसाद उडवलेला असेल तर आत गेल्यावर दोनच सापडतात. वजाबाकी सोडली, आता दिसणाऱ्या घडामोडी खरोखर मोजल्या जातात. क्वेरी किंचित महाग झाली, फरक जाणवत नाही.

कोळेरोगावर लोकांनी चार वेगवेगळे धागे काढले होते, ते एकत्र करायचे होते. प्रतिसाद वेळेप्रमाणे एकमेकांत मिसळले की क्रमांक बदलतात आणि सगळ्यांच्या खुणा भलत्याच ठिकाणी पडतात. म्हणून मिसळायचं नाही: मुख्य धागा आहे तसा राहतो, दुसऱ्या धाग्यातले प्रतिसाद त्याच्या शेवटी नवे क्रमांक घेऊन जोडले जातात, मूळ तारीख प्रत्येकावर दिसते. वाचलेलं काहींना पुन्हा नवं दिसतं, न वाचलेलं कुणाचंच लपत नाही. दोन्हीकडे पाठपुरावा असलेल्यांचा एकच राहतो आणि रिकाम्या झालेल्या धाग्याचा पत्ता नव्याकडे वळवलेला असतो, म्हणजे जुन्या मेलमधले दुवे तुटत नाहीत.

पहिले दोन धागे काल रात्री जोडले. उरलेले दोन फवारणीची गर्दी ओसरली की.